निरामय कपाळ

"नोटीस तुम्ही शेवटपर्यंत वाचलीत, दमयंतीबाई. पडद्याकडे नोंद आहे," अधिकारी सरवटे म्हणाले. "शेवटी कपाळावर एक आठीसुद्धा नव्हती. म्हणजे संमतीच."

"घर पाडणार असल्याची ओळ मला दिसलीच नाही, तर आठी कुठून येणार?"

ओळ अर्थातच होती. वाचनसौख्याचा कायदा झाल्यापासून कोणाचाही मजकूर वगळला जात नसे. राज्य आता तितके रानटी उरले नव्हते. एखादी ओळ सुरू होताच वाचकाच्या कपाळावर आठी उमटली, की पडदा ती ओळ बारीक आणि फिकट करी, शेजारच्या ओळी ऐसपैस मांडी, आणि आठी विरेपर्यंत हे सौजन्य चालू ठेवी. दमयंतीबाईंना त्यांच्या घराच्या जागी होणाऱ्या उद्यानाचे वर्णन फार सुवाच्य दिसले होते.

"घर उद्या पाडणार ना? मग हा हरकतीचा अर्ज आत्ता, माझ्यासमोर वाचा. आणि कागदावर छापून वाचा."

"कागदावर? डोळे दुखतात हो."

सरवट्यांनी अर्ज पडद्यावर घेतला. 'हे बेकायदा पाडकाम आपल्याच सहीने होत आहे' या वाक्यापाशी त्यांच्या कपाळावर ठसठशीत आठी पडली. दमयंतीबाईंना क्षणभर आशा वाटली. मग आठी विरली, आणि ते सुखाने शेवटपर्यंत वाचत गेले.

"छान लिहिता हो तुम्ही," ते मनापासून म्हणाले. "'माननीय महोदय', 'आपली नम्र', सगळं कसं ठळक. पण बाई, यात हरकत कुठे आहे?"