टँकरचं पाणी

तिसऱ्या मजल्यावरच्या नळाला पाणी आलं, तेव्हा मनोरमाबाईंना आधी खरंच वाटेना. बिल्डिंगची नवी लाइन आज-उद्या सुरू होईल, असं सेक्रेटरी कित्येक महिने सांगत होता. अख्ख्या बेव्हर्ली पार्क सोसायटीत त्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवणारं कुणी उरलं नव्हतं. पण पाणी आलं, चांगलं मनगटाएवढ्या धारेने आलं. "प्रभूची कृपा," म्हणत बाईंनी न्हाणीतलं पिंप नळाखाली ओढलं.

तेवढ्यात बेल वाजली. बाळाराम आला होता.

बाळाराम मोरव्याचा. त्याच्याच टेम्पोखाली बाईंचा मुलगा स्वप्नील गेला होता. कोर्टाच्या आवारात हा माणूस पायांवर कोसळला, तेव्हा बाईंनी त्याला उठवलं आणि म्हणाल्या, "मी तुला क्षमा केली. आमच्यात भरपाई नसते रे. देवाने आपल्याला फुकट दिलं, आपणही फुकट द्यायचं." चर्चमध्ये त्यांनी ही साक्ष दिली, तेव्हा लोक रडले होते. पाळकसाहेब तर नियमशास्त्राचा हिशेब आणि देवाची फुकट कृपा या विषयावर बोलायला उभे राहिले की अजून बाईंचंच उदाहरण देतात.

बाळारामला मात्र ते फुकटचं काही पचलं नाही. तो एक दिवस आला, दोन रिकामे कॅन उचलले आणि खालून टँकरचं पाणी भरून आणलं. तेव्हापासून टँकरच्या दिवशी तो हजर. बाई नको नको म्हणायच्या. कॅन मात्र आधीच दारात काढून ठेवायच्या.

आज दारात कॅन नव्हते.

"टँकर लागलाय खाली. कॅन कुठं हायत, मावशी?"

"अरे, नळाला पाणी आलं! सुटलास तू. ये, आत येऊन बस. चहा टाकते."

"मंग मी काय करू?"

"काही नको करू. नुसता येत जा."

"खरंच काय न्हाय?"

"खरंच."

आजवर त्याने चहा उंबऱ्याबाहेर उभ्यानेच घेतला होता. आज तो आत आला, बसायला जागा शोधू लागला आणि जी दिसली तिच्यावर टेकला. झाकून ठेवलेल्या कॉम्प्युटरपुढची ती स्वप्नीलची खुर्ची. आधी काठावरच बसला. चहा पिता पिता हळूहळू मागे रेलला.

"पोरगी चालाय लागली, मावशी," तो म्हणाला. "भिंत धरून. पडली तरी रडत न्हाय, हसते." आणि स्वतःच हसला.

बाईंनी त्याला हसताना कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या अंगाची आग झाली. हा हसतो, माझ्या घरात, त्या खुर्चीत बसून हसतो! भरलेले कॅन घेऊन जिना चढताना त्याला लागणारी धाप त्यांना आठवली. आतल्या खोलीत बसून त्या ती ऐकायच्या. त्या रात्री त्यांना शांत झोप लागायची. प्रार्थनेमुळे लागते, असं त्या आजवर समजत होत्या.

त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. एका कॅनमध्ये थोडं पाणी होतं, ते मोरीत ओतून दिलं आणि दोन्ही कॅन बाहेर आणून त्याच्यापुढे ठेवले.

"बाळाराम, नळ गेला बघ. टँकर आहे ना अजून खाली?"

न्हाणीत नळ धो धो वाहत होता. बाळारामने तिकडे पाहिलं, मग बाईंकडे पाहिलं. हातातला कप त्याने जपून खाली ठेवला. उठून खुर्ची होती तशी टेबलाला लावली.

"हाय, मावशी," तो म्हणाला. "आनतो."

कॅन घेऊन तो जिना उतरून गेला. पिंप भरलं, वाहू लागलं, पाणी न्हाणीचा उंबरा ओलांडून बाईंच्या पायांपर्यंत आलं. त्या नळ बंद करायला गेल्या नाहीत. उघड्या दाराशी उभ्या राहून जिन्यावरची धाप ऐकू येण्याची वाट पाहत राहिल्या.