लहूचं गाण्याचं मशीन

लहूने माइकवर फुंकर मारली तशी खोलीतली सगळी माणसं हसली. फुंकर मारण्यात हसण्यासारखं काय होतं, ते मालनला कळलं नाही.

दुबईहून आलेला हा तिचा धाकटा भाऊ एकटा खाटेवर बसला होता आणि भोईवाड्यातल्या त्या एका खोलीत बाकी सगळे जमिनीवर. त्याच्या मांडीवर मशीन. मूठ धरून कुठेही न्यावं असं, चकचकीत. एका खाचेत गाण्याच्या नुसत्या वाजपाची, म्हणजे पेटी-तबल्याची कॅसेट घालायची, माइक धरून त्यावर आपण गायचं, की दुसऱ्या खाचेतली कोरी कॅसेट वाजप आणि आवाज दोन्ही भरून घ्यायची.

लहू गायला लागला. सिनेमातलं गाणं. आधी वाजप पुढे गेलं आणि लहू मागे राहिला. मग लहू धावत पुढे गेला आणि वाजप मागे राहिलं. वरच्या सुराला त्याने डोळे मिटून घेतले. मालनला वाटलं, चला, याची यालाच लाज वाटली.

"वा रे वा! काय गळा आहे!" शेजारचे शामराव म्हणाले. "तू रेडिओवर जायला पाहिजे होतास."

गिरण्यांच्या संपाचं दुसरं वर्ष चाललं होतं, आणि दारापर्यंत दाटलेल्या त्या प्रत्येकाला दुबईची नोकरी हवी होती. गेटवरच्या सभेत मोडू पण वाकणार नाही म्हणून मुठी वळणारी हीच माणसं. आता लहू खाकरला तरी माना डोलवत होती.

आणि सगळ्यात पुढे मालनचा नवरा, तुळशीदास.

"लहूशेठ, पाणी देऊ?" त्याने विचारलं.

लहूशेठ! लग्नात कान पिळायला आलेल्या या मेव्हण्याला तुळशीदासने एका हाताने उचलून खांद्यावर बसवलं होतं. मालनला नवऱ्याची शिसारी आली. सकाळी तिनेच त्याला बजावलं होतं, 'लहू म्हणेल त्याला हो म्हणा, उगाच ताठा दाखवू नका.' ते ती विसरली नव्हती. तरी आलीच शिसारी.

"भावोजी, तुम्ही पण म्हणा एखादं," लहू म्हणाला. "तुमच्या भजनी मंडळातलं. बघू तरी मशीन काय म्हणतंय."

तुळशीदासने आढेवेढे घेतले नाहीत. वाजप नको म्हणाला, माइक हातात घेतला आणि मांडी घालून भजन धरलं. एकेक कडवं सावकाश, कसलीही घाई न करता. मालन कोपऱ्यात बांगडे तळत होती. तिने स्टो बारीक केला.

भजन संपलं. कुणी वा म्हणालं नाही. सगळे लहूच्या तोंडाकडे बघत होते, काय म्हणायचं ते ठरवायला.

लहूने कॅसेट मागे नेली आणि खटका दाबला. तुळशीदासने स्वतःचा आवाज जन्मात ऐकला नव्हता. तो मशीनवर वाकला, कान लावून ऐकत राहिला आणि मग मालनकडे वळला.

"हा मी?"

मालनने मान हलवली. तेवढ्यापुरता तिला त्याचा राग आला नाही.

"ठीक आहे," लहू म्हणाला. "पण भजन-बिजन या मशीनला शोभत नाही, भावोजी. थांबा, माझं एक राहिलंय. कोरी कॅसेट नाही आता दुसरी. यावरच घेऊ, वरून."

"म्हणजे यांचं पुसलं जाणार?" मालनने विचारलं.

"जाईल. मग काय झालं?"

"उलट्या बाजूला घे की."

"त्या बाजूला माझी गाणी आहेत, ताई."

मालनने नवऱ्याकडे पाहिलं. नाही म्हणा. फार नाही, एवढ्या एका गोष्टीला नाही म्हणा.

"घ्या की, लहूशेठ," तुळशीदास म्हणाला. "माझं काय ठेवायचंय त्यात!"

नुसतं बोलून थांबला असता तरी चाललं असतं. एव्हाना बघून बघून त्याला मशीन चालवता यायला लागलं होतं. त्याने स्वतःच कॅसेट मागे नेली, स्वतःच लाल खटका दाबला आणि लहू गायला लागला तसा मांडीवर ताल धरला. माणूस आपल्याच गाण्यावर माती लोटतोय आणि वर ठेका देतोय, हे बघता बघता मालनच्या तव्यावरचा बांगडा करपला.

लहूचं गाणं एकदाचं आटोपलं.

"पासपोर्ट काढून ठेवा, भावोजी," तो घाम पुसत म्हणाला. "बघतो मी तिकडे."

तुळशीदासने मालनकडे पाहिलं. गणित बरोबर आलं की पोरं मास्तरांकडे बघतात तसं. मालनने तोंड फिरवलं.

"लाव, लाव, ऐकूया," शामराव म्हणाले.

कॅसेट लागली. लहूचा आवाज खोलीभर चिरकला, माना डोलल्या आणि गाणं संपताच टाळ्या पडल्या. मशीन बंद करायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. सिनेमाचं गाणं ते केवढंसं, भजन त्याच्या दुप्पट. टाळ्या चालू असतानाच कॅसेटमध्ये खट् असा आवाज झाला आणि पुढे, मधल्याच एका शब्दापासून, तुळशीदासचा आवाज सुरू झाला.

टाळ्या थांबल्या. दारातला कुणीतरी आपसूक पुढे सरकला. लहूच्या कपाळाला आठी पडली, पण त्याने हात हलवला नाही.

हात हलवला तुळशीदासने. गुडघ्यांवर रांगत तो लगबगीने पुढे झाला आणि त्याने खटका दाबला.

"शेवटची दोन कडवी राहिलीत चुकून," तो ओशाळं हसत म्हणाला. "तेवढी मी पुसून देतो, लहूशेठ."