कुर्डुवाडीचा हमाल

१९३१चा मार्च, सकाळचे आठ वीस. मुंबईची गाडी सोलापूर स्टेशनातून हलू लागली. सोजरबाई एकटीच लेकीकडे लातूरला निघाली होती. तिला नीट दिसत नव्हते, चालवत नव्हते. कुर्डुवाडीला गाडी बदलली नाही तर थेट मुंबई. मुलाला, कोंडीबाला, गिरणीत रजा मिळाली नव्हती. त्याचा जोडीदार ज्ञानबा खिडकीशी म्हणाला, “मावशे, तितं माझा मेव्हणा हमाल हाय. महिपती म्हणून हाक मार, उचलून लातूरच्या गाडीत ठिवील.” सोजरबाईने पदर तोंडाशी धरला. ते कोंडीबाच्या वारलेल्या बापाचे नाव होते. जन्मात आईने ते उच्चारले नव्हते. कोंडीबा गाडीबरोबर धावला. “आये, नुसतं हमाल म्हण.” “समदेच हमाल की रं,” ती म्हणाली. तो तारघराकडे पळाला. साडेअकराला कुर्डुवाडीचे उत्तर आले: तार उशिरा मिळाली, महिपतीला हाक आली नाही, मुंबईची गाडी सुटली.