शुक्रवारची गळती

चार वाजले आणि ऑफिसातल्या चाचणीच्या यंत्राने, त्या जुन्या संगणकाने, पुन्हा मान टाकली.

"बसलं का? बरं झालं, केक अजून गरम आहे," ताई म्हणाल्या. किटली तर यंत्र बसायच्या आधीच चढली होती. दर शुक्रवारी हेच. यंत्र पुन्हा सुरू व्हायला अर्धा तास लागे, आणि तेवढ्यात साहेबांसकट पाचही जण आपापले रंगीत मग घेऊन टेबलाभोवती जमत. नव्या मुलीच्या हातात मात्र कागदी पेला. तिच्या उमेदवारीची मुदत पुढच्या शुक्रवारी संपत होती. यंत्राची मेमरी कुठे गळते, म्हणजे वापरून झाल्यावरही मोकळी न होता शुक्रवारपर्यंत कशी संपते, ते शोधलं तर नोकरी पक्की, नाही तर रामराम.

"इतकी वर्षं कुणालाच कशी नाही सापडली?" तिने विचारलं.

"म्हातारे झालो गं आम्ही," काका म्हणाले आणि त्यांनी केकचा दुसरा तुकडा उचलला.

शनिवार-रविवार ती कर्नलमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ प्रोग्रॅममध्ये, डोकं खुपसून बसली. मेमरीचा एकेक तुकडा किती जण वापरताहेत याचा आकडा त्या तुकड्यातच असतो. तो शून्यावर आला की तुकडा मोकळा. सोमवारी तिला दिसलं, की सुरुवातीचा आकडा कुणी भरतच नाही. आधीच्याचं जे उष्टं तिथे उरलेलं असेल, तिथूनच मोजणी सुरू. मग शून्य यायचं कुठून? काखेत कळसा नि गावाला वळसा. तिने एक ओळ घातली, यंत्र नव्याने सुरू केलं आणि आनंदाने खुर्चीतल्या खुर्चीत गिरकी घेतली. आठवडाभर मोकळ्या मेमरीचा आकडा जागचा हलला नाही. तिनेही कुणाला पत्ता लागू दिला नाही.

शुक्रवारी चार वाजले. यंत्र मजेत चालू होतं. सव्वाचार झाले. ताई केकच्या डब्यावर हात ठेवून बसल्या होत्या, काका सारखे घड्याळाकडे बघत होते. कौतुक राहिलं बाजूला, सगळ्यांचे चेहरे पडलेले.

शेवटी तिने आपली ओळ साहेबांना दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली. "झकास. नोकरी पक्की." त्यांनी खणातून एक कोरा पिवळा मग काढून तिच्यापुढे ठेवला. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"आता ती ओळ पुसून टाक," ते म्हणाले. "पक्के झालो त्या दिवशी आम्ही पाचही जणांनी आपापली पुसली होती. चल, चहा निवतोय."