डिशच्या कडेचे शेंगदाणे

"बेसिकली आम्ही मूळचे साताऱ्याचे," तो म्हणाला, आणि मी पोह्यांतला एक शेंगदाणा डिशच्या कडेला सरकवला.

मोठी माणसं आत पत्रिका बघत होती. आम्हाला 'जरा मोकळं बोला' म्हणून डिशसकट गॅलरीत धाडलं होतं. 'बेसिकली' ऐकलं की माझं डोकं उठतं. आईला मी आधीच बजावलं होतं, मुलगा दहा वेळा 'बेसिकली' म्हणाला तर नकार; हिशोब पोह्यांतल्या शेंगदाण्यांवर ठेवीन. बेसिकली त्याला गड चढायला आवडायचं. बेसिकली त्याची आई फार साधी होती. भेंडी तर तो बेसिकली खातच नव्हता. पोहे संपत आले तेव्हा कडेला अकरा शेंगदाणे होते. हसायचा छान, पण जन्मभर हे कोण ऐकणार?

त्याची डिश घ्यायला हात पुढे केला, तर तिच्याही कडेला शेंगदाण्यांची रांग.

"शेंगदाणे आवडत नाहीत?"

"आवडतात की," तो ओशाळला. "तुम्ही 'ॲक्च्युअली' म्हणालात की एक बाजूला काढत होतो."

"ॲक्च्युअली मी..."

त्याने माझ्याकडे बघत उरलेला शेंगदाणा शांतपणे सरकवला. चौदावा. मग त्याची नजर माझ्या डिशकडे गेली, आणि आम्ही इतके हसलो की आतली बोलणी थांबली.

पाहुणे गेल्यावर आईने माझ्या डिशमधले शेंगदाणे मोजले. तिचा चेहरा पडला. "म्हणजे नकारच ना?"

"बेसिकली," मी म्हणाले, "होकार कळव."