विसावं चित्र

“वेळ संपली,” बाई म्हणाल्या आणि एकोणिसावं चित्र त्यांनी पालथं ठेवलं.

कात्री. पाहताक्षणी त्याला कळलं होतं. दोन बोटांनी त्याने कापूनही दाखवलं होतं. पण बोटांना गुण नव्हते. गुण शब्दाला होते, आणि शब्द ओठांपर्यंत येऊन माघारी फिरला होता.

“वेळ संपली” हे दोन शब्द सत्तावीस वर्षं त्याचे होते. टीव्हीवरच्या त्या खेळात तो प्रश्न विचारायचा, वीस सेकंद मोजले जायचे, आणि घंटा झाली की तो हसून हे दोन शब्द म्हणायचा. रस्त्यात पोरं त्याला पाहून तेच ओरडायची. दूधवाल्याला उशीर झाला की शेजारीणसुद्धा त्याच्याच ढंगात तेच म्हणायची. चार महिन्यांपूर्वी मेंदूत रक्ताची गुठळी अडकली आणि त्याचे निम्मेअधिक शब्द कुठे गेले ते गेलेच.

खोलीत भिंतीला लागून दोन खुर्च्या होत्या. एकीवर बायको, दुसरीवर कार्यक्रमाचा निर्माता. घड्याळ सांभाळायच्या कामावर लागून वर चढलेला, मनाने चांगला माणूस. वाहिनीशी भांडून त्यानेच मुदत मागून घेतली होती. “वीसपैकी पंधरा आली तर तीन महिने थांबतील, दादा,” तो म्हणाला होता. “नाहीतर सोमवारपासून नवा माणूस. माझ्या हातात एवढंच आहे.”

चौदा आली होती. चित्र एकच उरलं होतं.

बोलणं शिकवणाऱ्या या बाई पस्तिशीच्या आतबाहेरच्या. फार सावकाश बोलायच्या. एखाद्या शब्दाआधी किंचित थांबायच्या, अनोळखी जिन्यावर पायरी चाचपून पाहावी तशा. आपल्यासारख्यांना समजावं म्हणून थांबत असतील, असं त्याला वाटायचं.

आज सुरुवातीलाच बायकोने त्यांना बजावलं होतं, “बाई, तो पाण्याचा ग्लास यांच्यापासून लांब ठेवा हं. एकदा ऐन कार्यक्रमात सांडलाय यांनी. तोही शेवटच्या प्रश्नाला! समोर एवढीशी शाळकरी पोर, तिचा जीव टांगणीला, आणि यांनी सगळ्या टेबलावर पाणीच पाणी केलं.”

“वहिनी, मला विचारा ना,” निर्माता हसला होता. “घड्याळावर मीच होतो. अपघात झाला की घड्याळ थांबवायचं, हा नियम. पाच मिनिटं सगळे फडकी घेऊन पळत होते. तेव्हाच्या साहेबांनी काय झापलं होतं दादांना!”

“आणि घरी येऊन म्हणतात कसे, भूक लागली, वाढ!”

यावर त्याने नुसती मान खाली घातली होती. जीभ धड होती तेव्हाही हा किस्सा निघाला की तो असाच मान खाली घालून हसायचा. बावीस वर्षं चेष्टा ऐकून घेतली, पण उलट शब्द कधी बोलला नाही.

बाईंनी ग्लास उचलला होता आणि आपल्या कोपराशी ठेवला होता.

आता त्यांनी विसावं चित्र समोर धरलं आणि घड्याळाचं बटण दाबलं. इथेही वीसच सेकंद होते.

शिडी होती. दोन उभे दांडे, मध्ये आडव्या पायऱ्या. तिच्यावर चढून दिवे फिरवणारी माणसं त्याने अर्धं आयुष्य पाहिली होती. कोण किती पायऱ्या चढून थांबतो, तेही त्याला ठाऊक होतं. फक्त तिचं नाव येत नव्हतं.

दहा सेकंद गेले. निर्माता आपल्या बुटांकडे बघू लागला. बायकोचे ओठ आवाज न करता हलत होते. तिला वाटत होतं, कुणाला दिसत नाही. चौदा सेकंद. त्याच्या कपाळावर घाम आला. उत्तर माहीत असून ज्यांच्या तोंडून फुटत नाही असे चेहरे त्याने समोरच्या खुर्चीत खूप पाहिले होते. आज तो चेहरा त्याच्या स्वतःच्या मानेवर होता.

सतरा.

ग्लास कलंडला. चित्रांवरून पाणी वाहत टेबलाच्या कडेला आलं आणि टपटप खाली पडू लागलं.

“अगं बाई!” बायको उठलीच. “सांडलं का यांनी परत?”

“नाही, माझा हात लागला,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी बटण दाबलं. “घड्याळ थांबवते.”

मग त्या पुसू लागल्या. घाई अशी नाहीच. चित्रं पुसली, टेबल पुसलं. शेवटी घड्याळही उचलून पुसलं, ते मुळीच भिजलं नव्हतं. निर्माता त्या घड्याळाकडे बघत राहिला. मग बाईंकडे, मग त्याच्याकडे.

त्याचे खांदे सैल झाले. श्वास खाली बसला. मनातल्या मनात तो दिवेवाल्यामागून चढू लागला. पहिली पायरी. दुसरी. तिसरी. बाईंनी फडकं बाजूला ठेवलं, बटणावर बोट ठेवलं आणि त्याच्याकडे पाहिलं. त्याने मान हलवली. घड्याळ पुन्हा सुरू झालं.

“शिडी,” तो म्हणाला.

बायको मटकन खुर्चीत बसली आणि तिने पदर डोळ्यांना लावला. निर्माता फोन कानाला लावून दाराबाहेर पोचलाही होता. “थांबायचं म्हणजे थांबायचं! पंधरा आलीत,” त्याचा आवाज बाहेरून येत होता.

बाई कागदावर आकडा लिहीत होत्या. त्याने रिकाम्या ग्लासाकडे बोट केलं, मग त्यांच्याकडे. पुढे विचारायला त्याच्यापाशी शब्द नव्हते.

बाईंनी पेन खाली ठेवलं. या वेळी त्यांनी थांबणं लपवलं नाही.

“मा-मा-माझंही उत्तर,” त्या म्हणाल्या, “तुम्ही सांडलेलं पाणी पुसेपर्यंतच आलं होतं, सर.”