बारावा खिळा

पारखी बाईंनी चष्मा चढवला आणि होडीभोवती सावकाश एक फेरी मारली. जुन्या लाकडी वस्तूंची पारख करण्यात त्यांची वीस वर्षं गेली होती. घाई त्यांना माहीत नव्हती.

“एकाच ओंडक्यातून कोरलीय,” त्या म्हणाल्या. “साग आहे. हे तासणीचे घाव बघा, सगळं हाताचं काम. शंभरेक वर्षं सहज झाली असतील.”

गोदामाच्या दारात उभा असलेला तरुण नुसती मान हलवत होता. फोनवर त्यानं हट्टच धरला होता. मॅडम, तुम्हीच या, दुसरं कुणी नको. आता मात्र किमतीबद्दल चकार शब्द काढत नव्हता.

“होडी कुणाची?”

“माझ्या वडिलांची.”

“त्यांनी कुठून विकत घेतली?”

“विकत नाही घेतली.” त्यानं नजर चुकवली. “त्या विषयावर ते बोलत नाहीत, मॅडम.”

बाई गुडघ्यांवर बसल्या आणि टॉर्च लावून तळ बघू लागल्या. उजेड सरकत गेला आणि एकदम थबकला. भेगेवर तांब्याची पट्टी होती. अकरा खिळे सरळ, बारावा आडवा झालेला.



तो खिळा त्यांच्या दादानं ठोकला होता. पट्टी धरून बसल्या होत्या त्या, बारा वर्षांच्या. हातोडी निसटली, अंगठ्यावर बसली, आणि त्यांच्या किंकाळीनं दादाच जास्त घाबरला होता.

पुढे काही वर्षांनी दादा वडिलांशी कडाक्याचं भांडून याच होडीतून निघून गेला. ना तो परतला, ना होडी. लोकांनी महिनाभर नदी धुंडाळली आणि शेवटी तो बुडाला असं गृहीत धरलं. आई त्यानंतर नदीकडे तोंड करून कधी बसली नाही. या गोष्टीला सव्वीस वर्षं झाली होती.

होडी बुडालीच नव्हती तर. कुणीतरी ती घेतली होती. मग होडीतल्या माणसाचं काय केलं?

“मॅडम, बरं वाटत नाहीये का?”

“लाकूड कुजलंय का ते बघतेय,” बाई म्हणाल्या. आवाज होता होईल तेवढा कोरडा ठेवला. फोटो काढायच्या निमित्तानं त्यांनी मोबाइल काढला आणि नवऱ्याला लिहिलं : दादाची होडी सापडली. पोलिसांना घेऊन ये. खाली गोदामाचा पत्ता.

मागे करकर आवाज झाला. तरुणानं दार ओढून घेतलं होतं.

“दार का लावलंस?”

“बाहेरचं इतक्यात दिसायला नको म्हणून.”

बाई उठल्या. दोन पावलं मागे सरकल्या, पाठ होडीला टेकली. टॉर्च मुठीत घट्ट आवळून त्या म्हणाल्या, “तुझ्या बापानं या होडीतल्या माणसाचं काय केलं?”

तो दचकला.

“म्हणजे ओळखलीत तुम्ही.”

“मी काय विचारतेय?”

“त्यांना वाटत होतं, तुम्ही ओळखणारच नाही. ओळखलीच, तरी तोंडसुद्धा बघणार नाही.”

“कोणाला वाटत होतं?”

त्यानं वळून दार सताड उघडलं. रस्त्यापलीकडे एक गाडी उभी होती. काच अर्धी खाली होती.

“होडी विकायची नाहीच,” तो म्हणाला. “बाबा गाडीत बसलेत, आत्या.”